करार, कर्तव्य आणि डावखुरा पिचर : मासानोरी मुराकामी यांच्या अल्पकालीन मेजर लीग कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासात 'पहिला' या विशेषणाला मोठे मोल असते. पहिला शतकवीर, पहिला विश्वविजेता, पहिला परदेशी खेळाडू अशा नोंदींभोवती गौरवग्रंथ आणि स्मरणिका उभ्या राहतात. परंतु या विशेषणामुळे एक अडचणही निर्माण होते. 'पहिला' असे म्हटले की त्याच्या मागून लगेच दुसरा आणि तिसरा आला असेल, वाट एकदा उघडली ती उघडीच राहिली असेल, असा समज होतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळणारे पहिले जपानी खेळाडू मासानोरी मुराकामी यांच्याबाबतीत तसे घडले नाही. १ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाकडून पदार्पण केले. १९६५ चा हंगाम संपताच ते मायदेशी परतले. त्यानंतरचा जपानी खेळाडू मेजर लीगच्या मैदानावर उतरण्यास १९९५ साल उजाडावे लागले.

ही तीस वर्षांची पोकळी कशी निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. मुराकामी यांचा खेळ कमी पडला काय, की खेळाबाहेरच्या कारणांनी त्यांची कारकीर्द दोन हंगामांत आटोपली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका खेळाडूच्या चरित्राबरोबर युद्धोत्तर जपान व अमेरिका यांचे संबंध, स्थलांतरितांचा इतिहास आणि व्यावसायिक खेळातील श्रमिकाचे हक्क या तिन्ही बाबींचा विचार करावा लागतो.

बदली पिचरचे काम

विषयाच्या आकलनासाठी बेसबॉलमधील एका भूमिकेची ओळख आवश्यक आहे. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. क्रिकेटमध्ये गोलंदाज एक षटक टाकून विश्रांती घेतो व पुन्हा गोलंदाजीस येऊ शकतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सुरुवातीचा पिचर थकला किंवा फलंदाजांच्या तडाख्यात सापडला की त्याच्या जागी येणाऱ्यास 'रिलीफ पिचर' म्हणतात. मराठीत त्याला बदली पिचर म्हणता येईल. तो बहुधा सामन्याच्या कठीण क्षणी येतो. प्रतिपक्षाचे खेळाडू आधीच बेसवर असतात आणि चूक सुधारण्यास वेळ नसतो.

डावखुऱ्या बदली पिचरला विशेष मागणी असते. डाव्या हाताने फेकलेला चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या दृष्टीने त्याच्या पाठीमागच्या बाजूने येतो व बाहेर वळतो. त्यामुळे तो नीट टिपणे अवघड जाते. म्हणून मोजक्या फलंदाजांपुरता का होईना, विश्वासू डावखुरा पिचर प्रत्येक संघाला हवा असतो. मुराकामी यांनी जायंट्ससाठी हेच काम केले. अशा खेळाडूंची नावे सामन्याच्या वृत्तान्तात सहसा शेवटच्या परिच्छेदात येतात, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावी लागते.

ओत्सुकी ते फ्रेस्नो

मुराकामी यांचा जन्म ६ मे १९४४ रोजी यामानाशी प्रांतातील ओत्सुकी येथे झाला. होसेई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शाळेत ते बेसबॉल खेळले. १९६२ मध्ये ओसाकाच्या नानकाई हॉक्स या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले. हा संघ नानकाई रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. रेल्वे कंपन्या, वृत्तपत्रे आणि चित्रपट कंपन्या यांनी संघ बाळगणे ही जपानी बेसबॉलची रूढ पद्धत होती. संघाचे व्यवस्थापक काझुतो त्सुरुओका यांनी या तरुणाला एक आश्वासन दिले होते : करार केल्यास प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवू. त्या काळी जपानी नागरिकांना केवळ हौसेखातर परदेश प्रवास करता येत नव्हता. ही मोकळीक एप्रिल १९६४ मध्ये मिळाली. एका डॉलरला ३६० येन मोजावे लागत. अशा परिस्थितीत या आश्वासनाचे आकर्षण किती मोठे असेल, याची कल्पना करता येते.

१९६४ च्या वसंतात मुराकामी, यष्टिरक्षकासारखी भूमिका करणारे कॅचर हिरोशी ताकाहाशी आणि तात्सुहिको तानाका या तिघांना सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या ताब्यातील कनिष्ठ संघांत पाठविण्यात आले. हा व्यवहार जुळवून आणण्यात जायंट्ससाठी काम करणारे जपानी-अमेरिकी मध्यस्थ कॅपी हाराडा यांचा मोठा वाटा होता. हाराडा यांनी ताबाकाळात जपानमध्ये अमेरिकी लष्करात काम केले होते. १९४९ साली सॅन फ्रान्सिस्को सील्स या संघाने केलेल्या जपान दौऱ्याशीही त्यांचा संबंध होता. पराभूत जपानशी सलोखा साधण्याचे बेसबॉल हे एक साधन आहे, हा त्या काळातील अमेरिकी धोरणाचा भाग होता. मुराकामी यांचे जाणे या परंपरेत बसणारे होते.

मुराकामी यांची नेमणूक कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झाली. हे गाव या कथेत केवळ योगायोगाने आलेले नाही. फ्रेस्नो परिसरात जपानी वंशाच्या शेतकऱ्यांची जुनी वस्ती होती व तिच्यात बेसबॉल खोल रुजला होता. १९४२ मध्ये अमेरिकी शासनाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले, तेव्हा फ्रेस्नोच्या जत्रा-मैदानावरच एक तात्पुरती छावणी उभारण्यात आली होती. फ्रेस्नोचे खेळाडू व संघटक केनिची झेनिमुरा यांनी ॲरिझोनातील हिला रिव्हर छावणीत वाळवंट सपाट करून बेसबॉलचे मैदान तयार केले होते. त्या घटनेनंतर अवघ्या दोन दशकांनी जपानहून आलेला एक तरुण फ्रेस्नोच्या संघातून खेळू लागला. ज्यांच्या अमेरिकी निष्ठेवर एकेकाळी संशय घेतला गेला होता, त्या लोकांना या तरुणाविषयी विशेष आपुलकी वाटली, यात नवल नाही.

फ्रेस्नोत मुराकामी यांनी १०६ डावांत १५९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. ११ सामने जिंकले, ७ गमावले. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची त्यांची सरासरी १.७८ होती. कॅलिफोर्निया लीगमधील सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. मूळ योजनेनुसार काही महिन्यांनी परत जाणारा प्रशिक्षणार्थी आता जायंट्सच्या मुख्य संघाला हवा होता.

शे स्टेडियम, १ सप्टेंबर १९६४

न्यूयॉर्कमधील शे स्टेडियमवर मेट्स संघाविरुद्ध सामना होता. मैदानात उतरण्यापूर्वी मेजर लीगच्या करारावर सही करणे आवश्यक होते. करार इंग्रजीत होता आणि मुराकामी यांना इंग्रजी जेमतेम येत होते. न कळणाऱ्या कागदावर सही करण्यास त्यांनी प्रथम नकार दिला. जपानी जाणणाऱ्या व्यक्तीने मजकूर समजावून सांगितल्यावरच त्यांनी सही केली. हा प्रसंग अनेकदा गंमत म्हणून सांगितला जातो. पुढील घटनांच्या प्रकाशात पाहता मात्र तो संपूर्ण प्रकरणाचे सार ठरतो.

आठव्या डावात जायंट्स चार धावांनी मागे असताना व्यवस्थापक ऑल्विन डार्क यांनी मुराकामी यांना पाचारण केले. मैदानाच्या मध्यावरील उंचवट्याकडे जाताना मनावरचा ताण घालविण्यासाठी ते क्यू साकामोतो यांचे, अमेरिकेत 'सुकियाकी' या नावाने गाजलेले गाणे गुणगुणत होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९६३ मध्ये हे जपानी गाणे अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. पहिला फलंदाज चार्ली स्मिथ स्ट्राइकआउट झाला. एक फटका बसला, पण त्या डावात धाव गेली नाही. जायंट्सने सामना गमावला. वीस वर्षांच्या मुराकामी यांनी मात्र आपली जागा पक्की केली. २९ सप्टेंबरला ह्यूस्टनविरुद्ध अकराव्या डावापर्यंत लांबलेल्या सामन्यात मॅटी आलू यांच्या फटक्याने जायंट्स जिंकले व मुराकामी यांच्या नावावर पहिला विजय जमा झाला.

त्या महिन्यात ते ९ सामन्यांत खेळले. १५ डावांत त्यांनी १५ स्ट्राइकआउट केले आणि केवळ एका फलंदाजाला चार चुकीचे चेंडू टाकून फुकट बेस दिला. अनुभवी पिचरलाही भूषणावह ठरावी अशी ही अचूकता होती. ते ज्या संघातून खेळले त्याची रचनाही लक्षणीय आहे. विली मेज, विली मॅक्कोव्ही, ऑर्लँडो सेपेडा, हुआन मारिशाल, आलू बंधू अशा कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी खेळाडूंचा भरणा असलेला हा संघ होता. त्याच १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय व लॅटिन खेळाडूंच्या मानसिक सजगतेविषयी डार्क यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या उद्गारांनी मोठे वादळ उठविले होते. संघाचे दार वंशाच्या दृष्टीने उघडले होते. आतील वातावरण मात्र अजून निवळले नव्हते.

एक खेळाडू, दोन करार

खरा पेच हंगाम संपल्यावर उभा राहिला. नानकाई व जायंट्स यांच्यातील कराराच्या एका कलमानुसार, पाठविलेल्या खेळाडूचे हक्क १०,००० डॉलर देऊन विकत घेण्याची मुभा जायंट्सला होती. १८ ते २० वर्षांची ही मुले मेजर लीगपर्यंत पोचतील, असे नानकाईच्या चालकांना वाटले नसावे. जायंट्सने कलमाचा आधार घेऊन मुराकामी आपले झाले असे जाहीर केले व १९६५ साठी त्यांची सही घेतली. नानकाईच्या मते खेळाडू प्रशिक्षणासाठी उसना दिला होता आणि तो परत येणेच अभिप्रेत होते. १९६४ च्या अखेरीस मुराकामी जपानला परतले. तेथे संघाच्या व घरच्या दबावाखाली त्यांनी १९६५ साठी नानकाईच्या करारावरही सही केली. एकाच हंगामासाठी एकाच खेळाडूच्या दोन सह्या दोन देशांत झाल्या.

वाद दोन्ही देशांच्या बेसबॉल आयुक्तांकडे गेला. अमेरिकी आयुक्त फोर्ड फ्रिक मूळचे क्रीडापत्रकार होते. जपानचे आयुक्त युशी उचिमुरा मनोविकारतज्ज्ञ व टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक राहिलेले होते; विचारवंत कांझो उचिमुरा यांचे ते पुत्र. फ्रिक यांचा आग्रह लिखित कलमावर होता. कराराचा मान राखला जात नसेल तर जपानी बेसबॉलशी संबंध ठेवता येणार नाहीत, अशी भूमिका त्यांनी घेतली. उचिमुरा यांनी समझोत्याचा मार्ग सुचविला : मुराकामी यांनी १९६५ चा हंगाम जायंट्सकडून खेळावा आणि त्यानंतर त्यांचा नानकाईकडे परतण्याचा मार्ग मोकळा असावा. एप्रिल १९६५ मध्ये हा तोडगा मान्य झाला. तोपर्यंत अमेरिकेतील हंगाम सुरू झाला होता. पूर्वतयारीची शिबिरे संपली होती. मे महिन्यात मुराकामी संघात दाखल झाले.

हा वाद अनेक लेखनांत 'पाश्चात्त्य कायदा विरुद्ध पौर्वात्य निष्ठा' असा रंगविला जातो. तो पूर्णतः चुकीचा नाही. 'गिरी' म्हणजे उपकाराच्या ओझ्यातून येणारे कर्तव्य, ही जपानी समाजजीवनातील प्रबळ संकल्पना आहे आणि त्सुरुओका यांना दिलेल्या शब्दाचा मुराकामी यांनी वारंवार उल्लेख केला आहे. परंतु या मांडणीमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. अमेरिकी बेसबॉलमध्येही त्या काळी खेळाडू स्वतंत्र नव्हता. 'रिझर्व्ह क्लॉज' या कलमामुळे करार संपल्यावरही त्याच्यावर संघाचाच हक्क राहत असे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आणि १९५३ व १९७२ च्या निकालांत ही सूट कायम केली. लवादाच्या निर्णयाने हे कलम निष्प्रभ होण्यास डिसेंबर १९७५ उजाडला. म्हणजेच फ्रिक ज्या कराराच्या पावित्र्यासाठी भांडत होते, तो संघाच्या मालकीहक्काचा करार होता. खेळाडू कोणाचा, यावर दोन्ही बाजूंचे मतभेद होते. खेळाडू कोणाचा तरी असतो, यावर त्यांचे एकमत होते.

१९६५ चा हंगाम

उशिरा सुरुवात होऊनही नवे व्यवस्थापक हर्मन फ्रँक्स यांच्या हाताखाली मुराकामी ४५ सामन्यांत उतरले. ७४⅓ डावांत त्यांनी ८५ स्ट्राइकआउट केले. ४ विजय, १ पराभव आणि ८ 'सेव्ह' अशी त्यांची कामगिरी होती. आघाडी टिकवून सामना संपविणाऱ्या बदली पिचरच्या नावे 'सेव्ह' नोंदविला जातो. ही नोंद १९६९ मध्ये अधिकृत झाली, त्यामुळे हे आकडे नंतर मोजलेले आहेत. १५ ऑगस्टला 'मुराकामी दिन' साजरा करण्यात आला आणि त्या दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध त्यांना सामन्याचा आरंभ करण्याचा मान देण्यात आला. तो त्यांच्या मेजर लीग कारकिर्दीतील एकमेव आरंभ. तिसऱ्या डावातच त्यांना बाहेर यावे लागले, मात्र जायंट्सने सामना १५-९ असा जिंकला. हंगामाअखेर जायंट्स लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मागे दोन सामन्यांच्या अंतराने दुसऱ्या स्थानी राहिले.

दोन्ही हंगाम मिळून मुराकामी यांचे ५४ सामने, ८९⅓ डाव, ५ विजय, १ पराभव, ९ सेव्ह, १०० स्ट्राइकआउट आणि ३.४३ ही सरासरी होते. नऊ डावांमागे दहाहून अधिक स्ट्राइकआउट आणि जेमतेम अडीच फुकट बेस, असे हे प्रमाण पडते. १९६३ पासून स्ट्राइकचे क्षेत्र वाढविण्यात आल्याने तो काळ पिचरांना अनुकूल होता आणि ८९ डाव हा नमुनाही लहान आहे. या मर्यादा मान्य करूनही, खेळ कमी पडल्यामुळे कारकीर्द संपली, असे म्हणण्यास या आकड्यांत कोणताही आधार सापडत नाही.

परतणे आणि त्यानंतर

जायंट्सची त्यांना ठेवून घेण्याची इच्छा असतानाही मुराकामी नानकाईकडे परतले. मायदेशी वाट सोपी नव्हती. अमेरिकेतील यशामुळे अपेक्षा वाढल्या होत्या आणि पहिले दोन हंगाम त्या मानाने फिके गेले. १९६८ मध्ये त्यांनी १८ विजय व ४ पराभव अशी उत्कृष्ट कामगिरी केली. पुढे १९७५ मध्ये ते हान्शिन टायगर्स व त्यानंतर निप्पॉन हॅम फायटर्सकडे गेले आणि १९८२ पर्यंत खेळले. जपानमध्ये त्यांच्या नावावर १०३ विजय आहेत. १९८३ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांनी जायंट्सच्या पूर्वतयारी शिबिरात पुन्हा नशीब अजमावून पाहिले. संघात स्थान मिळाले नाही. अठरा वर्षांनंतर केलेला हा प्रयत्न फारशा चर्चेत येत नाही. तथापि, १९६५ चे परतणे पूर्णतः स्वेच्छेचे व निःशंक होते काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो दुर्लक्षून चालणार नाही. रॉबर्ट फिट्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुराकामींच्या चरित्राच्या शीर्षकात अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नांचा उल्लेख आहे, हेही येथे नोंदवावे लागेल.

या प्रकरणातून दोन्ही देशांच्या संघटनांनी जो धडा घेतला, तो १९६७ च्या परस्पर करारात दिसतो. त्या वेळी जपानचे आयुक्त राज्यघटनेचे ख्यातनाम अभ्यासक तोशियोशी मियाझावा होते. एकमेकांच्या करारांचा व राखीव हक्कांचा आदर करावा, असे या कराराचे स्वरूप होते. संघांमधील भांडण त्यामुळे मिटले. पण त्याचबरोबर जपानी खेळाडूंची अमेरिकेकडे जाणारी वाटही व्यवहारतः बंद झाली. सादाहारू ओ यांच्यासारखे असामान्य फलंदाज संपूर्ण कारकीर्द जपानमध्येच खेळले, ते या व्यवस्थेच्या चौकटीत.

ही चौकट हिदेओ नोमो यांनी भेदली. 'स्वेच्छानिवृत्त' खेळाडू परदेशात खेळू शकतो, या नियमातील फटीचा आधार घेऊन ते लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये दाखल झाले. २ मे १९९५ रोजी त्यांनी पदार्पण केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर, जायंट्सविरुद्ध. मुराकामी जेथे घरचे खेळाडू म्हणून खेळले होते, त्याच मैदानावर. पुढील वादांतून १९९८ मध्ये 'पोस्टिंग' ही हस्तांतर पद्धती आली. इचिरो सुझुकी यांनी २००१ मध्ये पदार्पण केले व २०२५ मध्ये त्यांचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. शोहेई ओहतानी यांच्या यशाने तर जपानी खेळाडूच्या योग्यतेचा प्रश्नच निकालात काढला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुराकामी यांची मेजर लीग कारकीर्द अल्पजीवी ठरली ती खेळातील उणिवेमुळे नव्हे. दोन संघांच्या मालकीहक्कांच्या संघर्षातून निघालेल्या तोडग्यामुळे तिची मुदत ठरली. दुसरी, त्यांच्यानंतरच्या तीस वर्षांच्या पोकळीचे कारणही त्याच संघर्षात व १९६७ च्या करारात आहे. वाट उघडणारा खेळाडूच ती बंद होण्यास निमित्त ठरला आणि तेही स्वतःच्या दोषाशिवाय. तिसरी, कायदा आणि कर्तव्य या दोन्ही भाषा या वादात वापरल्या गेल्या. पण दोहोंतही खेळाडूच्या इच्छेला स्वतंत्र स्थान नव्हते.

शे स्टेडियमवरील त्या संध्याकाळी मुराकामी यांनी एक साधी मागणी केली होती : ज्या कागदावर सही करायची, त्याचा अर्थ सांगा. ती मागणी मान्य झाली. नानकाई आणि जायंट्स यांच्यात झालेल्या मूळ व्यवहाराचा अर्थ मात्र दोन्ही संघांनी आपापल्या सोयीने लावला आणि त्याची किंमत वीस वर्षांच्या एका डावखुऱ्या पिचरने मोजली. क्रीडेच्या इतिहासाचे लेखन करताना धावफलकाबरोबर हे कागदही वाचणे म्हणूनच अगत्याचे ठरते.